रहीमसाबांची शाळा

१९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईच्या कूपरेज मैदानावरून फुटबॉलचा रोव्हर्स कप एकाच संघाने उचलून नेला. संघ मुंबईचा नव्हता, कलकत्त्याचाही नव्हता. तो होता हैदराबाद सिटी पोलीस. रोव्हर्स ही १८९१ पासूनची स्पर्धा. पहिली कित्येक दशकं तिच्यावर गोऱ्या पलटणींची मक्तेदारी होती आणि ती मोडायला १९३७ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी बंगलोर मुस्लिम्सने कप जिंकला तेव्हा देशभर त्याचं कौतुक झालं. अशा स्पर्धेत हे पोलीस आले आणि पाच वर्षं दुसऱ्या कुणाला कपाला हात लावू दिला नाही. मुंबईच्या फुटबॉलवेड्यांनी तोवर आडदांड बॅक पाहिले होते, बिनतोड ड्रिब्लिंग करणारे फॉरवर्ड पाहिले होते. या संघात मात्र चेंडू कुणाच्याच पायाशी फार वेळ थांबत नसे. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, लतीफ, मोईनुद्दीन, सुसाई अशी नावं, पण एका नावासाठी तिकीट काढावं असं त्यात काही नव्हतं. तिकीट काढायचं ते अकरा जणांचं मिळून.

ते हैदराबाद संस्थान नुकतंच भारतात आलेलं होतं. पोलीस ॲक्शन झाली सप्टेंबर १९४८ मध्ये. आजचा मराठवाडाही १९५६ पर्यंत त्याच राज्याचा भाग होता, तेव्हा परभणी-नांदेडकडच्या वाचकाने हा संघ आपला म्हटला तर त्याला कुणी हरकत घेऊ नये.

या संघाचा कोच पोलीस खात्यातला नव्हता. सय्यद अब्दुल रहीम शाळामास्तर होते. जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात, जिथे तेव्हा सगळे विषय उर्दूतून शिकवले जात. पदवीनंतर त्यांनी काचीगुडा, चादरघाट अशा शहरातल्या शाळांमधून शिकवलं, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि स्वतः स्थानिक क्लबांतून खेळले. खेळाडू म्हणून त्यांचं नाव फार मोठं झालं नाही. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि मरेपर्यंत त्या खुर्चीवर राहिले. १९५० पासून सिटी पोलीसचा संघ त्यांच्याकडे आला आणि त्याच सुमारास देशाच्या संघाचीही जबाबदारी. खेळाडू त्यांना ‘रहीमसाब’ म्हणत.

नवा कोच आला की तो संघाचा खेळ कसा बदलतो, याबद्दल आजकाल बरीच चर्चा होते. फळ्यावर बाण काढले जातात, ४-३-३ की ३-५-२ यावर टीव्हीवर तासन्‌तास वाद होतात. रहीमांनी मांडणी बदललीच, त्याबद्दल पुढे येईलच. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते मांडणी बदलण्याआधी त्यांनी काय केलं ते. त्यांनी आधी सवयी बदलल्या. आणि सवयी बदलायला त्यांनी भाषणं दिली नाहीत, स्पर्धा भरवल्या. सचिव या नात्याने ते अधिकार त्यांच्या हातात होतेच.

हैदराबादेत त्यांनी कमकुवत पायाच्या स्पर्धा घेतल्या. ज्याचा उजवा पाय चालतो त्याने डाव्यानेच खेळायचं, डावखुऱ्याने उजव्याने. पहिल्या काही सामन्यांत काय तमाशा झाला असेल याची कल्पना करून पाहा. मोठमोठे गडी गोलासमोर दोन हातांवरून चेंडू बाहेर घालवताहेत आणि बघे पोट धरून हसताहेत. पण ज्या पोराला फक्त उजवा पाय आहे, त्याला विरुद्ध बॅक एका बाजूने कोंडू शकतो. दोन्ही पायांच्या पोराला कोंडता येत नाही. शिवाय असा खेळाडू चेंडू आला की तो आपल्या ‘चांगल्या’ पायाकडे वळवण्यात क्षण घालवत नाही. फुटबॉलमध्ये बचावाला सावरायला तेवढाच क्षण पुरतो.

दुसरी स्पर्धा होती ड्रिब्लिंग-बंदीची. चेंडू घेऊन पळायचं नाही, समोरच्याला चकवायचं नाही. आला की सोडायचा, विस्तव हातात आल्यासारखा. या नियमामागचं डोकं समजायला तेव्हाचा आपला फुटबॉल माहीत हवा. १९११ साली मोहन बागानने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवलं. त्या संघातले बहुतेक जण अनवाणी होते. त्या विजयाने बंगालला, आणि पर्यायाने सगळ्या देशाला, एक अभिमानाची गोष्ट मिळाली, ती म्हणजे बुटातल्या गोऱ्याला अनवाणी पायाने चकवणारा देशी खेळाडू. पुढची चाळीस वर्षं आपला फुटबॉल या अभिमानावर जगला. चेंडू पायाला चिकटवून दोघातिघांना गुंगारा देणारा तो मोठा खेळाडू, असं प्रेक्षक मानत, म्हणून खेळाडूही मानत. गोल झाला तर झाला.

यात दोष कौशल्याचा नव्हता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपण फ्रान्सकडून फक्त १-२ हरलो, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. तिथल्या लोकांना अनवाणी खेळाडूंचं केवढं कौतुक वाटलं. पण तो कौतुकाचा सूरच घातक ठरला. १९५० मध्ये ब्राझीलच्या विश्वचषकाला जायची संधी होती, ती आपण सोडली. त्यामागे बूट नव्हते म्हणून, पैसे नव्हते म्हणून, की विश्वचषकाचं महत्त्वच कळलं नव्हतं म्हणून, यावर इतिहासकार अजून भांडताहेत. मला शेवटचं कारण खरं वाटतं.

१९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीला पहिले आशियाई खेळ झाले. रहीमांच्या संघाने अंतिम सामन्यात इराणला १-० हरवून सुवर्ण घेतलं. गोल साहू मेवालालचा. घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर मिळालेला हा विजय मोठा होताच, पण त्याने एक नुकसानही केलं. जुना खेळ चालतोय, मग बदलायचा कशाला, असं म्हणणाऱ्यांना बळ मिळालं.

सोळा महिन्यांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याची किंमत मोजावी लागली. १५ जुलै १९५२, प्राथमिक फेरी, समोर युगोस्लाव्हिया. थंडी होती आणि आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. निकाल १०-१. एकट्या झेबेकने चार गोल केले. आपला एकमेव गोल अहमद खानचा, तोही अगदी शेवटी, सगळं संपल्यावर. युगोस्लाव्हिया काही साधासुधा संघ नव्हता; तो पुढे अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि हंगेरीकडून हरला. तरी दहा गोल हे दहा गोलच.

अशा वेळी आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. कोच बदला, कर्णधार बदला, चौकशी समिती नेमा. फुटबॉल महासंघाने एक चांगलं केलं, बूट सक्तीचे केले. रहीमांची जागाही राहिली. पण बूट घातल्याने खेळ सुधारत नाही हे रहीमांना पक्कं ठाऊक होतं. उलट सुरुवातीला तो बिघडतो. अनवाणी खेळाडूला चेंडू तळव्याने, बोटांनी कळतो. बुटात तो पाय बहिरा होतो. ज्याचं सगळं कसब ड्रिब्लिंगवर उभं आहे, त्याला बूट म्हणजे शिक्षा. ज्याला आल्याबरोबर पास द्यायची सवय आहे, त्याचं फारसं बिघडत नाही. हैदराबादच्या त्या विचित्र स्पर्धांचा अर्थ इथे लागतो. बुटांची सक्ती आली तेव्हा देशभरातल्या खेळाडूंपैकी हैदराबादची मंडळी त्या बदलासाठी सगळ्यात तयार होती. बाकीच्यांना त्या वळणावर आणायचं काम रहीमांना पुढची चार वर्षं पुरलं.

आणखी एक अडचण होती, वेळेची. देशातले बरेच सामने पूर्ण ९० मिनिटांचे नसत. साठ-सत्तर मिनिटांच्या खेळाला सरावलेलं शरीर शेवटच्या वीस मिनिटांत परदेशी संघापुढे दम टाकतं. त्यावर रहीमांचं औषध दुहेरी होतं. धावण्याचा कसून सराव घ्यायचाच, आणि खेळच असा करायचा की माणसापेक्षा चेंडू जास्त पळेल. एक स्पर्श, फार तर दोन. पास देऊन उभं राहायचं नाही, मोकळ्या जागेत जायचं. आज हे कुठल्याही शाळेतला पोरगा सांगेल. १९५३ साली कलकत्त्याच्या मैदानावर हे सांगणं म्हणजे लोकांची करमणूक हिरावून घेणं होतं.

आता मांडणीकडे येऊ. तेव्हा आपल्याकडे मागे दोन बॅक, मध्ये तीन हाफ आणि पुढे पाच फॉरवर्ड अशी जुनी २-३-५ ची बैठक सर्रास चालत असे. पुढचे पाचही जण एका रेषेत. सेंटर फॉरवर्ड गोलासमोर ठिय्या देऊन, विंगरने क्रॉस टाकला की डोकं लावायला तयार. रहीमांनी या रेषेला वाकवलं. मधला एक जण मागे ओढला. तो मागे आला की त्याच्यावर नेमलेल्या बचावपटूने काय करायचं? त्याच्यामागे जावं तर गोलासमोर भगदाड पडतं, जागेवर थांबावं तर हा मोकळा राहून चेंडू वाटत बसतो. नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असं लोळवलं ते आपल्या सेंटर फॉरवर्डला, हिदेगकुटीला, असंच मागे ठेवून, आणि मग साऱ्या जगाला हा डाव कळला. रहीमांनी हंगेरीकडून किती घेतलं आणि स्वतःच्या डोक्याने किती काढलं, याचा हिशेब मांडणारे बरेच आहेत. काही जण तर आपणच आधी होतो असं छातीठोक सांगतात. मला त्या शर्यतीत रस नाही. हैदराबादचा एक मास्तर त्याच काळात त्याच प्रश्नाशी झगडत होता, एवढं मला पुरेसं आहे.

माणसं शोधणं हा त्या कामाचा दुसरा भाग. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा नावाच्या वस्तीत तुलसीदास बलराम नावाचा पोरगा होता. घरची गरिबी अशी की बूट घ्यायला पैसे नव्हते. रहीमांनी त्याला खेळताना पाहिलं आणि हैदराबादच्या सरावाला बोलावलं. पोरगा म्हणाला, एवढ्या लांब रोज येऊ कसा? तेव्हा रहीमांनी त्याला सायकल भाड्याने घ्यायला रोजचा एक रुपया द्यायचं ठरवलं. बलरामने म्हातारपणीही ही गोष्ट मुलाखतींतून सांगितली. शाळामास्तराच्या पगारात तेव्हाचा रोजचा रुपया म्हणजे थोडाथोडका नव्हता. त्या एका रुपयावर भारताला दोन ऑलिंपिक खेळलेला आणि एक आशियाई सुवर्ण जिंकलेला फॉरवर्ड मिळाला.

मुंबईकडूनही त्यांनी माणसं उचलली. गोलरक्षक एस. एस. नारायण मुंबईचा. आणि टाटा स्पोर्ट्स क्लबचा नेव्हिल डिसोझा, मूळ आसगावचा, बार्देशचा. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. म्हणजे ज्या माणसाने १९५६ साली भारताला ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत नेलं, त्याचं गाव तेव्हा भारतात नव्हतं.

मेलबर्नला आपली पहिली गाठ खरं तर हंगेरीशी पडायची होती. पण नोव्हेंबरमध्ये रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले आणि हंगेरीच्या फुटबॉल संघाने माघार घेतली. ज्यांचा खेळ रहीम बारकाईने अभ्यासत होते, त्यांच्याशी सामना झाला असता तर काय झालं असतं, हे कळायचं राहून गेलं. आपल्याला पुढची चाल मिळाली आणि १ डिसेंबर १९५६ ला यजमान ऑस्ट्रेलिया समोर आला.

समर बॅनर्जी कर्णधार, उजव्या बगलेला विशीतला पी. के. बॅनर्जी, मध्ये नेव्हिल. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा पहिला गोल. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. ३३ व्या मिनिटाला नेव्हिलचा दुसरा, पुन्हा मॉरो, २-२. ५० व्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. ८० व्या मिनिटाला किट्टूने चौथा घातला. ४-२. शेवटच्या वीस मिनिटांत धापा टाकणारा संघ या वेळी शेवटच्या दहा मिनिटांत गोल करत होता. मला हॅटट्रिकपेक्षा हा चौथा गोल जास्त बोलका वाटतो.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल घालणारा तोच देश. मध्यंतरापर्यंत गोल नाही. ५२ व्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर उभा राहिला. दोनच मिनिटं. मग पापेक, वेसेलिनोविच, पुन्हा पापेक, आणि शेवटी आपल्याच सलामचा स्वयंगोल. ४-१. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० हरवलं. चौथा क्रमांक. नेव्हिल चार गोलांसह स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीला राहिला.

१०-१ वरून ४-१, तेही आधी आघाडी घेऊन. चार वर्षांतली ही प्रगती कागदावर छोटी दिसते. पण हेलसिंकीत सामना दोन्ही बाजूंनी खेळलाच गेला नव्हता. मेलबर्नला पाऊण सामना तो खेळला गेला.

१९५८ च्या टोकियो आशियाई खेळांना रहीम संघाबरोबर नव्हते. तिथे आपण चौथे आलो. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

१९६० च्या रोम ऑलिंपिकला ते संघाकडे परतले. गट असा पडला की अंगावर काटा यावा, हंगेरी, फ्रान्स आणि पेरू. अखेर हंगेरी भेटलाच, फ्लोरियन आल्बर्टसह. आपण १-२ हरलो, गोल बलरामचा. फ्रान्सविरुद्ध कर्णधार पी. के.ने ७१ व्या मिनिटाला आघाडी मिळवून दिली. शेवटची आठ मिनिटं उरली असताना फ्रान्सने बरोबरी केली. पेरूने मात्र ३-१ हरवलं आणि आपण बाहेर पडलो. एकही विजय नाही. तरीही जाणकार आजही सांगतात की या काळातला सर्वांत देखणा फुटबॉल आपण रोमला खेळलो. मी त्यांच्याशी सहमत आहे, पण गुणतक्त्यात देखणेपणाचा रकाना नसतो, हेही खरं.

तोवर ब्राझीलने १९५८ चा विश्वचषक ४-२-४ मांडणीने जिंकला होता. चार मागे, दोन मध्ये, चार पुढे. रहीमांनी ती मांडणी आपल्या माणसांना लागू पडते का हे तपासलं आणि पडते असं त्यांचं मत झालं. मागे मधोमध जर्नैलसिंग आणि अरुण घोष अशी भक्कम जोडी होती. मधल्या दोघांवर धावण्याचा सगळा भार पडणार होता, त्यासाठी रामबहादूर होता आणि मुंबईहून आलेला फॉर्च्युनातो फ्रँको होता. फ्रँकोही बार्देशचा, कोलवाळचा. आणि पुढे पी. के., चुनी गोस्वामी, बलराम. असं त्रिकूट आपल्याला पुन्हा मिळालं नाही. मांडणी उसनी आणली तरी ती अंगाला बसेल अशी माणसं आधी तयार असावी लागतात. रहीमांकडे १९६२ मध्ये ती तयार होती, कारण त्यातल्या कितीतरी जणांना त्यांनीच घडवलं होतं.

त्या वर्षीच्या आशियाई खेळांसाठी जकार्ताला संघ गेला तेव्हा वातावरण आधीच तापलेलं होतं. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही. आशियाई खेळांची कल्पना ज्यांनी रुजवली त्या गुरुदत्त सोंधींनी त्याला उघड विरोध केला आणि मग या स्पर्धेला ‘आशियाई खेळ’ म्हणू नये अशी भूमिका घेतली. त्याचा राग भारतीय पथकावर निघाला. ३ सप्टेंबरला जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. फुटबॉलचा अंतिम सामना ४ तारखेला होता.

त्या सामन्यापर्यंतचा प्रवासही सरळ नव्हता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने ०-२ हरवलं. मग थायलंडला ४-१ हरवलं, पण त्यात जर्नैलच्या कपाळाला खोक पडली आणि टाके घालावे लागले. जपानला २-० हरवून आपण उपांत्य फेरीत आलो. आता प्रश्न होता जर्नैलचा. स्टॉपरचं अर्धं काम हवेतल्या चेंडूला डोकं लावण्याचं. टाके घातलेलं कपाळ घेऊन ते करायचं कसं? साध्या कोचने त्याला बाकावर बसवलं असतं. रहीमांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं. मागची जागा अरुण घोषने एकट्याने सांभाळायची, आणि जर्नैलने पुढे जाऊन आपल्या धिप्पाड देहाने विरुद्ध बचावपटूंना गुंतवून ठेवायचं, म्हणजे चुनी आणि पी. के.ला जागा मिळेल.

दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या त्या सामन्यात चुनीने दोन आणि जर्नैलने एक गोल केला. दोन गोलांची आघाडी मध्ये हातची गेली होती, चुनीनेच ती परत आणली. ३-२. बॅकला फॉरवर्ड करायचा जुगार म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. मला तो जुगार वाटत नाही. दोन्ही पायांनी खेळायला, कुठल्याही जागेवरून चेंडू पटकन सोडायला ज्या संघाला शिकवलंय, त्यात एका माणसाची जागा बदलली तरी बाकीच्या दहांचा खेळ कोलमडत नाही. हैदराबादेतल्या त्या हास्यास्पद वाटणाऱ्या स्पर्धांचा हिशेब जकार्तात चुकता झाला.

अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री खेळाडूंना झोप नव्हती. पी. के.ने पुढे अनेकदा सांगितलं की रहीमसाबांनी त्या वेळी त्यांच्याकडे एक भेट मागितली, सुवर्णपदकाची. त्यांच्या फुप्फुसांना कॅन्सरने पोखरायला सुरुवात केली होती. सिगारेट हातातून सुटत नव्हती, खोकला थांबत नव्हता.

सेनायान स्टेडियम खच्चून भरलं होतं, लाखभर लोक, आणि जवळजवळ सगळे विरोधात. आपलं राष्ट्रगीत हुर्योत बुडालं. खेळाडूंनी पुढे मुलाखतींमधून सांगितलं की त्या एवढ्या गर्दीत भारतासाठी ओरडणारे कोण, तर पाकिस्तानच्या हॉकी संघातले खेळाडू. समोर पुन्हा दक्षिण कोरिया. १७ व्या मिनिटाला पी. के.चा गोल, २० व्या मिनिटाला जर्नैलचा. त्यानंतर पासष्ट मिनिटं कोरियाने सगळं करून पाहिलं. ८५ व्या मिनिटाला एक गोल गेला. उरलेली पाच मिनिटं काढली. २-१. त्या दिवशी गर्दीचा आवाज मात्र शेवटपर्यंत थांबला नाही.

११ जून १९६३ ला रहीम गेले. वय ५३.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते लांबवण्यात काही सुख नाही. हॅरी राइट नावाचा इंग्लिश कोच आला. १९६४ च्या आशिया कपात आपण दुसरे आलो, म्हणजे रहीमांची माणसं अजून पायावर उभी होती. पण त्याच वर्षीच्या टोकियो ऑलिंपिकला आपण पोचलो नाही, आणि त्यानंतर आजतागायत भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिक खेळलेला नाही. १९७० च्या बँकॉक आशियाई खेळांत कांस्य मिळालं. तेव्हा प्रशिक्षणाची धुरा बाशा नावाच्या प्रशिक्षकाबरोबर पी. के.कडे होती, म्हणजे तीही रहीमांच्याच शाळेची शिदोरी. त्यानंतर आशियाई खेळांत फुटबॉलचं पदक नाही.

२०२४ मध्ये ‘मैदान’ चित्रपट आला आणि रहीमांचं नाव नव्या पिढीला कळलं, हे चांगलं झालं. चित्रपटाला भाषण लागतं, शेवटच्या मिनिटाचा थरार लागतो. डाव्या पायाच्या स्पर्धेवर तिकीट खपत नाही. पण रहीमांच्या कामाचा गाभा तिथेच होता, आणि आपण नेमका तोच टाकून दिला. त्यांच्या हाताखालची मुलं म्हातारी झाली, काही कोच झाली, पण त्या स्पर्धा कुठल्याही राज्य संघटनेने नियमाने चालू ठेवल्या नाहीत. परदेशी कोच येत राहिले, प्रत्येकाने संघाला नवी मांडणी दिली आणि प्रत्येकजण जाताना ती बरोबर घेऊन गेला. मांडणी वरून येते. सवय तेरा-चौदाव्या वर्षी लागते, आणि त्या वयाच्या मुलांसाठी राष्ट्रीय संघाचा कोच काही करू शकत नाही. रहीम करू शकले, कारण ते कोच असतानाच हैदराबाद असोसिएशनचे सचिव आणि शाळेचे मास्तरही होते.

महाराष्ट्रात फुटबॉलवर जीव टाकणारं शहर म्हटलं की कोल्हापूर. शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या संघांचे सामने असले की दुकानं बंद करून माणसं येतात. तिथल्या तालीम मंडळांना एक सुचवावंसं वाटतं. येत्या हंगामात चौदा वर्षांखालच्या पोरांसाठी एक स्पर्धा अशी घ्या, की जिच्यात दोन स्पर्शांच्या वर चेंडू ठेवला की शिट्टी वाजेल. पोरं पहिल्या वर्षी तुम्हाला शिव्या देतील. तिसऱ्या वर्षापर्यंत ती स्पर्धा बंद मात्र करू नका.